उद्यमबाग ते चाकण: माझे चार इंटरव्ह्यू आणि एक भोकं पडलेला पीस

मागच्या आठवड्यात मावशीचा पोरगा घरी आला, डिप्लोमाचं शेवटचं सेम चालू आहे त्याचं, "दादा, इंटरव्ह्यूत काय काय विचारतात सांग की जरा" म्हणाला आणि सांगता सांगता दोन तास गेले. मग म्हटलं लिहूनच टाकावं, खानापूर, निपाणी, बेळगाव साईडच्या अजून चार पोरांना उपयोगी पडलं तर पडलं. मी खानापूर तालुक्यातला, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग मेकॅनिकल डिप्लोमा. नोकरी लागायच्या आधी चार इंटरव्ह्यू दिले, पहिले तीन पडले.

पहिला बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यात. तयारी म्हणजे काय तर 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'चं उत्तर मोबाईलवर बघून पाठ केलेलं, आय ॲम हार्डवर्किंग, आय ॲम क्विक लर्नर वगैरे, आठ दिवस आरशासमोर. आत गेलो तर एचआरची मॅडम आणि शेजारी एक पिकल्या केसांचे साहेब, शर्टाला काळे डाग, म्हणजे नुकतेच शॉपवरून आलेले. मी पाठ केलेलं सुरू केलं, मॅडम ऐकत होत्या, साहेब मात्र खाली बघून काहीतरी शोधत होते, आणि माझं क्विक लर्नर यायच्या आतच त्यांनी टेबलाखालून एक कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला पीस, काढून माझ्यासमोर ठेवलं. वरच्या बाजूला बारीक भोकं. "हे काय?" मी म्हटलं ब्लोहोल सर, आणि पुस्तकातली डेफिनिशन घडाघडा म्हणून टाकली. ते म्हणाले, "बरोबर. आता हा पीस तुझ्या हातात आला, लाईन चालू आहे, काय करशील?"

मला काही सुचेना. सुपरवायझरला सांगेन म्हटलं. "आणि सुपरवायझर जेवायला गेलाय." संपला विषय.

घरी येऊन काकाला सांगितलं, काका वीस वर्षं मोल्डिंगला, म्हणजे सँडचे साचे करायला आहे, शिक्षण सातवी. तो हसला आणि म्हणाला अरे आधी ते पीस बाजूला काढायचे, चांगल्यात मिसळू द्यायचे नाहीत, मग मागचे दहा-बारा पीस बघायचे कधीपासून भोकं यायला लागलीत, मग सँडचा ओलावा बघायचा, व्हेंट, म्हणजे वाफ जायच्या वाटा, नीट मारलेत का, कोअर, म्हणजे आतली पोकळी करणारा सँडचा तुकडा, नीट सुकलाय का ते बघायचं, कारण पाण्याची वाफ आणि गॅस बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती धातूतच अडकते. वर हेही सांगितलं की भोक आतून गुळगुळीत गोल असेल तर गॅसचं, आणि जाड भागात आतून खडबडीत, वेडंवाकडं असेल तर श्रिंकेज, म्हणजे धातू थंड होताना आकसून पडलेलं, तिथं सँडला शिव्या देऊन उपयोग नाही, रायझर, म्हणजे आकसणाऱ्या धातूला भर देणारा साठा, तो बघायचा. तीन वर्षांच्या डिप्लोमात हे मी वाचलेलं होतं बरं का, सगळंच्या सगळं. फक्त हातात पीस घेऊन कधी बोललो नव्हतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, उत्तरं पाठ करत बसू नका, शिकलेल्यातल्या दहा गोष्टी निवडा आणि त्या कुणाला तरी तोंडाने सांगा. आईला सांगा, काकाला सांगा, म्हशीला सांगितलं तरी चालेल. व्हर्नियरचा (मोजायच्या पट्टीचा) लीस्ट काउंट, म्हणजे मोजता येणारं सगळ्यात लहान माप, 0.02 मिमी हे सगळेच सांगतात, पण मोजायच्या आधी जबडे मिटवून झिरो एरर, म्हणजे काटा शून्यावर येतो का, ते बघतो हे कुणी सांगत नाही, आणि समोरचा नेमकं त्यासाठीच कान लावून बसलेला असतो.

प्रोजेक्टचंही तसंच. आमच्या ग्रुपमध्ये चौघं, वेल्डिंग एकानेच केलं, मी ड्रॉइंग काढलं आणि सामान आणलं. दुसऱ्या इंटरव्ह्यूत मी "आम्ही केलं, आम्ही केलं" करत राहिलो, त्यांनी विचारलं रॉड कुठला वापरला, झालो गप्प. पुढच्या वेळेपासून सरळ सांगायला लागलो, वेल्डिंग माझं नाही, ड्रॉइंग माझं, आणि दोन होलचं अंतर मी चुकवलं होतं म्हणून प्लेट परत कापायला लागली. आपली चूक सांगितली तर नोकरी जाईल असं वाटत होतं, उलट तिथंच गप्पा रंगल्या.

आता भाषेचं. आपल्याकडच्या पोरांना हे एक वेगळंच लफडं आहे. बेळगावजवळ मच्छेला गेलो तर कन्नड, कोल्हापूरला मराठी, चाकणला अर्धं हिंदी अर्धं इंग्लिश. तिसऱ्या इंटरव्ह्यूत "कन्नड बरतैतेन्री?" (कन्नड येतं का?) विचारलं आणि मी मान खाली घालून "नो सर" म्हणून बसलो, खरं तर बाजारात, बसमध्ये रोज बोलतो की मी! तुटकं का असेना, "स्वल्प स्वल्प बरतैत्री" (थोडं थोडं येतं) एवढं म्हटलं असतं तरी माणूस मोकळा झाला असता, शॉपवरचे निम्मे लोक कन्नड बोलतात, त्यांच्याशी तुझं जमेल का एवढंच त्याला बघायचं असतं. सीमेचं राजकारण घरी ठेवा, इंटरव्ह्यूच्या खोलीत ते कुणी विचारत नाही, तुम्हीही काढू नका. इंग्लिश अडलं तर "सर, हिंदीत सांगू का" म्हणून विचारायचं, मी चाकणला तेच केलं. लाजून अर्धवट इंग्लिश बोलण्यापेक्षा ते कधीही बरं.

कागदपत्रांचा घोळ आपला खास आहे. महाराष्ट्रात एसएसएलसी, म्हणजे आपली कर्नाटक बोर्डाची दहावी, म्हटलं की काही जण बघतच राहतात, दहावी म्हणून सांगा. आपली दहावी 625 मार्कांची, पहिली भाषा 125 आणि बाकी पाच विषय शंभर-शंभरचे, त्यामुळे टक्के आधीच काढून ठेवा, मी फॉर्म भरताना घाईत 500 ने भागून बसलो आणि एकदम हुशार निघालो. मग खाडाखोड. मार्क्स कार्डवर नाव इनिशिअलसकट आणि पॅनवर पूर्ण असेल तर आधीच एक ॲफिडेव्हिट करून ठेवा. आणि 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळे माझ्या जुन्या कागदांवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरं, चाकणच्या एचआरने विचारलं ही दोन गावं आहेत का. हसू नका, शांतपणे सांगा.

सरकारी नोकरीच्या मागे असाल तर महाराष्ट्राच्या जाहिराती नीट वाचा, सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी उमेदवारांसाठी त्यात वेगळी अट दिलेली असते, रहिवासाचा दाखला लागतो. आपलं गाव त्यात आहे का ते आधी बघा.

पगाराचं विचारतात तेव्हा "तुम्ही द्याल ते" म्हणू नका, मी म्हटलं आणि त्यांनी खरंच दिलं तेवढंच. सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते तो एकूण खर्च, वेगळी, हातात येतात ते वेगळे. बेसिकच्या 12 टक्के पीएफ तुमच्यातून जातो, कंपनीचा हिस्साही बऱ्याचदा सीटीसीतच धरलेला असतो, वर कँटीन, बस. चाकणला रूम आणि मेसचे पैसे काढून बेळगावात घरून डबा नेणाऱ्यापेक्षा जास्त उरतात का ते कागदावर मांडून बघा, मग आकडा सांगा.

चौथा इंटरव्ह्यू चाकणचाच, तोच लागला. रात्रीच्या बसने गेलो, आईने कुंद्याचा डबा दिलेला, ओळखीच्या दादाला द्यायला, तो घेऊनच आत गेलो आणि अख्खा वेळ पायाजवळ पिशवी. झेरॉक्स गावातूनच काढून न्या, मला तिथं सकाळी आठला एकही दुकान उघडं मिळालं नव्हतं.