कॉलेजच्या टीमचा कडक कोच व्हायचंय? मग समोरच्या पब्लिकच्या शिव्या पण हिशेबात धरा

यंदा ज्यांच्या गळ्यात कॉलेजची फुटबॉल टीम पडली आहे, मग ते नवीन पीटीचे सर असोत, पास होऊन गेलेला सिनिअर असो नाहीतर क्लबातून उचलून आणलेला कोच असो, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. आपल्या नागपुरात कॉलेजचे कोच बहुतेक दोन टाइपचे. एक जो पोट्ट्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांच्यासोबतच खर्रा घोटतो, अन् दुसरा जो शिट्टी कमी अन् तोंड जास्त वाजवतो. दोघांच्याही टीमा दुसऱ्या राउंडला घरी येतात अन् मग रेफ्री विकल्या गेला होता हे आहेच.

तिसरा टाइप पाहायचा तर थोडं लांब जावं लागते. अमेरिकेत अलाबामा युनिव्हर्सिटीला निक सेबन म्हणून कोच होता. त्यांचा फुटबॉल म्हणजे लांबट बॉल, डोक्यावर हेल्मेट, अन् पायापेक्षा हाताचंच काम जास्त, तो आपला फुटबॉल नाही हे मलाही माहीत आहे, पण पोरं अठरा-वीस वर्षांचीच अन् त्यांची नाटकंही तीच. तिथं कॉलेजच्या मॅचला होम ग्राउंडवर लाखभर माणूस बसते, आपल्या इंटर-कॉलेजिएटच्या फायनलला दोन्हीकडचे बदली खेळाडू अन् चहावाला मिळून पब्लिक होते. हा बाबा २००७ ते २०२३ अलाबामाला होता, सहा नॅशनल टायटल तिथं काढले, त्याच्या आधी २००३ च्या सीझनला एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीसोबत एक, टोटल सात, अन् जानेवारी २०२४ मध्ये रिटायर झाला. आजूबाजूच्या राज्यांतले लोक त्याला सरळ सैतान म्हणत.

अन् घरचं उदाहरण पाहिजे तर क्रिकेटचे कोच चंद्रकांत पंडित. २०१७ मध्ये मुंबईनं त्यांच्या जागी दुसरा कोच आणला, पंडित विदर्भाकडे आले, अन् ज्या विदर्भानं तोवर रणजीची फायनलसुद्धा खेळली नव्हती त्यानं पहिल्याच सीझनला इंदूरला दिल्लीला नऊ विकेटनं हरवून कप आणला, पुढच्या वर्षी आपल्या नागपूरच्या जामठा स्टेडियमला सौराष्ट्राला हरवून परत आणला. तेव्हा मुंबईकर मित्रांचं एकच पालुपद, कोच आमचा, वसीम जाफर आमचा, तुमचं काय? हे ऐकून ज्याला राग आला अन् थोडी मजापण आली त्याला पुढचं सगळं समजेल.

आता कामाचं. पहिल्या दिवशी नियम सांगा, पण दोन-तीनच. टाइम, किट अन् मोबाईल, बस झालं. पंधरा नियम केले की तुम्हालाच लक्षात राहत नाहीत अन् पोरांना बरोबर राहतात. साडेपाच म्हणजे साडेपाच. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे आठ वाजताच ऊन चटके द्यायला लागते, त्याच्या आत दीड-दोन तास निघाले पाहिजेत, हे त्यांना एकदा नीट समजावून सांगा. कारण कळलं की निम्मी पोरं आपोआप येतात. उरलेल्यांसाठी पुढचं.

पहिल्याच आठवड्यात तुमचा सगळ्यात भारी स्ट्रायकर पावणेसहाला येणार, हे लिहून घ्या. कामठीवरून येतो, गाडी पंक्चर झाली म्हणेल. ओरडू नका. दहा राउंड मारायलाही लावू नका, राउंड मारून झाले की त्याच्या डोक्यात हिशोब क्लिअर होतो अन् तो पुढच्या आठवड्यात परत लेट येतो. फक्त त्या दिवशी त्याला खेळात घेऊ नका. लाइनच्या बाहेर उभा राहून बॉल आणून देईल, अन् रविवारच्या फ्रेंडलीला बेंचवर बसेल. फ्रेंडली तुम्ही हराल. हरा. बाकीची वीस पोरं त्याच्याकडे पाहून नाही राहिली, तुमच्याकडे पाहून राहिली आहेत, की हा माणूस गोल करणाऱ्याला वेगळं माप लावते का. अन् दुसरी परीक्षा म्हणजे ट्रस्टीचा भाचा. तो लेट आला तरी तेच माप, मग ऑफिसमधून बोलावणं आलं तर चहा प्यायचा, हो सर म्हणायचं, अन् टीम शीटवर जे नाव तुम्ही लिहिलं तेच राहील एवढं पाहायचं. हे जमत नसेल तर आधीच टीम घेऊ नका, खरंच सांगतो.

दुसरी गोष्ट बारकाव्याची, अन् इथंच बहुतेक जण कंटाळतात. सेबनच्या वडिलांचा वेस्ट व्हर्जिनियात पेट्रोल पंप होता, पोरगा तिथं गाड्या धुवायचा, अन् गडद रंगाच्या गाडीवर पाण्याचा एक ओघळ दिसला की बाप अख्खी गाडी परत धुवायला लावायचा. तीच सवय त्यानं ग्राउंडवर आणली. एवढा मोठा हेड कोच, हाताखाली असिस्टंटांची फौज, तरी डोक्यावर गवती हॅट घालून स्वतः मागच्या फळीतल्या डिफेंडरांचे पाय कसे पडून राहिले ते पाहत उभा राहायचा.

आपल्याकडे हे कॉर्नरला करा. समोरच्यांचा कॉर्नर आला की आपला डिफेंडर काय करते ते पाहा. बॉलकडे पाहते. मागचा माणूस कुठं सरकला याचा त्याला पत्ताच नाही. त्याला आडवं उभं करा, एक खांदा कॉर्नरकडे, मागचा हात आपल्या माणसाच्या कमरेपाशी नुसता टेकलेला, पकडलेला नाही कारण पकडला की पेनल्टी, टाचा जमिनीवरून किंचित उचललेल्या, अन् आपल्या माणसाचा नंबर मोठ्यानं बोलायचा. 'नऊ माझा.' 'चार माझा.' किक मारणारा हात वर करेपर्यंत सगळ्यांचे आवाज आले पाहिजेत. एकाचा आला नाही, कॉर्नर परत. अन् सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॉल मस्त क्लिअर झाला, पण दोघं जण बॉलकडेच पाहत होते, तरीही परत. पोरं वैतागतात, म्हणतात सर निघाला ना बॉल, आता काऊन? तेव्हा शांतपणे सांगा की आज नशिबानं निघाला. पावसाळ्यात काळी माती बुटाखाली इंचभर चिकटते, तेव्हा आज राहू द्या म्हणून गळ घालतील, त्या दिवशी तर नक्कीच घ्या, मॅचही तसल्याच ग्राउंडवर व्हायची आहे.

मॅचमध्ये स्कोअर बोलायचा नाही, हा अजून एक. १९९८ मध्ये सेबन मिशिगन स्टेटला होता, टीम यथातथाच चालली होती अन् समोर नंबर एकची ओहायो स्टेट, तीपण त्यांच्याच घरी. मिशिगन स्टेटचेच सायकियाट्रीचे प्रोफेसर लॉनी रोझन यांच्याशी बोलून एक गोष्ट पोरांच्या डोक्यात घातली की एक प्ले, म्हणजे खेळ सुरू होऊन थांबेपर्यंतचा एक डाव, सात-एक सेकंदांचा असते, तेवढे सेकंद जीव तोडून खेळा, संपला की विसरा, पुढचा घ्या. २४-९ नं मागं होते, २८-२४ नं जिंकले. पुढं यालाच ते 'प्रोसेस' म्हणायला लागले अन् त्यावर दुनियाभर मॅनेजमेंटची भाषणं झाली, ती सोडा. आपल्या फुटबॉलमध्ये खेळ सारखा थांबत नाही, म्हणून बॉल बाहेर जाईपर्यंतचा तुकडा धरा. थ्रो-इन झाला की मागचं खलास. बाहेरून किती मिनिटं राहिली, एक गोल पाहिजे बे, असं ओरडणारे मित्रमंडळी लाइनपासून दूर उभी करा, अन् तुम्ही स्वतः तर मुळीच ओरडू नका.

हरल्यावर तर कोणीही चिडते. जिंकल्यावर जो कोच कुरकुर करते त्याच्या टीमला लोक वचकतात. २०१७ मध्ये टेक्सास ए अँड एमला हरवून आल्यावर सेबन पत्रकारांवरच उखडला, तुम्ही पोरांची जी तारीफ करून राहिले ते उंदराचं औषध आहे म्हणाला. आपल्याकडे हे औषध फ्लेक्सवर छापून येते. झोनल जिंकली की चौकात फ्लेक्स लागतो, नगरसेवकाचा फोटो तुमच्या कॅप्टनपेक्षा मोठा, अन् चार दिवस पोरं फ्लेक्सखाली उभी राहून सेल्फी काढतात. काढू द्या, पण सेबनचा हिशोब चोवीस तासांचा होता, जिंकण्याचा आनंद असो की हरण्याचं रडणं, तेवढाच वेळ. तर्री पोहे तुमच्याकडून खाऊ घाला अन् दुसऱ्या दिवशी मॅचमधल्या दोन चुका घेऊन ग्राउंडवर उभे राहा.

आता सगळ्यात अवघड भाग, मोठ्या प्लेयरला बसवणं. जानेवारी २०१८ ची नॅशनल फायनल, समोर जॉर्जिया, हाफ टाइमला अलाबामा १३-० नं मागं. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून टीमचा अख्खा अटॅक चालवणारा, जेलन हर्ट्स, जो दोन सीझनमध्ये जेमतेम दोन मॅच हरलेला. सेबननं त्याला बसवला अन् फर्स्ट इयरच्या टुआ टागोवायलोआला उतरवला. २६-२३, ओव्हरटाइममध्ये जिंकले. पण खरी गोष्ट पुढची आहे. हर्ट्स रुसून पळाला नाही, बेंचवरून उठून टुआला शाबासकी देत होता, अन् त्याच वर्षी डिसेंबरमध्ये परत जॉर्जियासमोर टुआ जखमी झाला तेव्हा हाच हर्ट्स उतरला अन् हरत आलेली मॅच ३५-२८ नं काढून दिली. बसवलेल्या पोराला चार लोकांत पाणउतारा करून बसवलं असतं तर तो असा उठला असता का? म्हणून बसवायचं तर दोन वाक्यांत, एकट्याला बाजूला घेऊन, कारण सांगून. आई-बाप काढणारे कोच आपल्याकडे ढिगानं आहेत, त्याला कडक म्हणत नाहीत, तो नुसता फोकनाडपणा आहे.

प्रिन्सिपलशी बोलताना तीन वर्षं मागून घ्या. सेबनचा अलाबामातला पहिला सीझन सात मॅच जिंकून सहा हरण्यात गेला, लुइझियाना-मन्रोसारख्या लहान टीमनं घरी येऊन २१-१४ नं हरवलं. टायटल आलं तिसऱ्या सीझनला, चौदाच्या चौदा मॅच जिंकून. अन् हेही खरं की त्याला वर्षाला चाळीस लाख डॉलर मिळत होते अन् देशातली उत्तम पोरं त्याच्याकडे यायची, तुम्हाला मिळेल बॉलची एक जाळी अन् त्यातले दोन पंक्चर. तेवढं अंतर धरूनच अपेक्षा ठेवा.

आता शिव्या. दोन सीझन नीट गेले की बाजूच्या कॉलेजवाले सुरू होतात. पोरं विकत आणली, अटेंडन्स खोटी आहे, कोच हिटलर आहे, रेफ्री सेट आहे. या शिव्यांचे दोन ढीग करा. एका ढिगात नुसता जळफळाट. एलएसयूवाल्यांना सेबनचा राग होता कारण तो त्यांना टायटल देऊन गेला अन् मग दुश्मनाच्या घरी जाऊन त्यांनाच हरवायला लागला. आपलंही तेच झालं की. पंडित मध्य प्रदेशला गेले, २०२२ मध्ये त्यांना रणजी जिंकून दिली, तीपण मुंबईला हरवून, तेव्हा आपण तोंडानं वा वा म्हटलं अन् पोटात दुखलंच ना? मार्च २०२४ मध्ये जामठ्याच्या सेमीफायनलला मध्य प्रदेशला ६२ रननं हरवलं तेव्हा जरा जास्तच गोड लागलं. हा ढीग सोडून द्या, उत्तर देऊ नका, पोरांनाही देऊ देऊ नका.

दुसऱ्या ढिगात खरं बोलणं असते अन् ते समोरच्यालाच आधी दिसते. अलाबामावर ओरड होती की स्कॉलरशिपच्या जागा ८५ अन् हे त्यापेक्षा जास्त पोरं घेऊन ठेवतात, मग कोणाला तरी गुपचूप वाट दाखवावी लागते. एकटं अलाबामाच असं करत नव्हतं, पण ओरड एवढी झाली की २०११ मध्ये त्यांच्या कॉन्फरन्सनं, म्हणजे त्या भागातल्या युनिव्हर्सिटींच्या लीगनं, वर्षाला नवीन २५ पोरांची लिमिट लावली. तेव्हा कोणी म्हणालं की तुमचा सेंटर बॅक ताप असताना खेळवला, किंवा बदली पोरांना वर्षभर किटसुद्धा भेटली नाही, तर चिडायच्या आधी तपासा. माझा अनुभव असा की यातलं निम्मं निघतेच.

अन् आपल्या पब्लिकवरही लगाम पाहिजे. २०१० मध्ये त्याच राज्यातल्या दुश्मन युनिव्हर्सिटीनं, ऑबर्ननं, अलाबामाला हरवलं तर अलाबामाच्या एका फॅननं ऑबर्नच्या चौकातल्या जुन्या ओकच्या झाडांवर तणनाशक टाकलं, वर रेडिओच्या शोवर फोन करून फुशारकी मारली. झाडं वाचली नाहीत, २०१३ मध्ये तोडावी लागली, अन् तो जेलमध्ये जाऊन आला. आपल्याकडे गाडीची हवा सोडणं, बसवर दगड, एवढ्यावर निभते, पण ज्या पोट्ट्यानं हे केलं तो तुमच्या टीमचा दोस्त निघाला तर त्या दोस्ताची ग्राउंडवर एंट्री बंद, तुमच्या तोंडून, सगळ्यांसमोर. पाणउतारा इथं चालते.

एक शेवटचं राहिलं. जे कॉलेज सगळ्यात जास्त शिव्या देते त्याचाच एक दिवस फोन येतो, सर आमच्याकडे या, पगार जास्त, ग्राउंडवर गवत आहे. जायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण तोवर कुठंच काही बोलू नका. सेबन मायामी डॉल्फिन्स या प्रोफेशनल टीमला कोच असताना २१ डिसेंबर २००६ ला पत्रकारांसमोर म्हणाला मी अलाबामाचा कोच होणार नाही, अन् ३ जानेवारीला झाला. सात टायटल झाले तरी मायामीवाले ते वाक्य विसरले नाहीत. जायचं ठरलं तर आधी पोरांना गोळा करून स्वतः सांगा, त्यांना कोणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसवरून कळायच्या आत.