सायकोसिसमधून सावरणाऱ्या तरुणासाठी घराने काय करावे

सायकोसिस म्हणजे भास आणि भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार. त्यावरचे उपचार घेऊन धारवाडच्या मनोरुग्णालयातून किंवा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातून मुलगा घरी येतो, तेव्हा हातात गोळ्यांची पिशवी आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी असते. कानात येणारे आवाज कमी झालेले असतात, शेजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत हा संशयही निवळू लागलेला असतो, आणि घरच्यांना वाटते की आता पंधरा दिवसांत तो कॉलेजला किंवा उद्यमबागेतल्या कारखान्यात कामावर जाऊ लागेल. प्रत्यक्षात पुढचे कित्येक महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून राहण्याची शक्यता असते. या काळात घराने काय करावे हे बहुतेक कुटुंबांना कोणी सांगत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या आजारात आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. औषध भास आणि भ्रम शमवते. अभ्यास, काम, मैत्री आणि स्वतःवरचा विश्वास परत मिळवून देण्यासाठी मात्र माणसांनाच झटावे लागते.

मराठी स्वमदत गटांत अशा रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची पद्धत आहे. आमच्या सीमाभागात हे शब्द अजून फारसे पोचलेले नाहीत, पण ‘वेडा’ आणि ‘डोक्यावर परिणाम झालेला’ यांच्या जागी ते वापरून पाहावेत, कारण घरात कोणता शब्द बोलला जातो यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

आधी घरातले बोलणे बदलावे

लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांचा मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेले रुग्ण, खोली घेऊन राहणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा पुन्हा आजारी पडत असल्याचे पाहून तो चकित झाला. पुढच्या अभ्यासांत कारण उलगडले: सततची टोचणी, राग आणि गरजेपेक्षा जास्त काळजी या तीन गोष्टी ज्या घरात अधिक, त्या घरात आजार उलटण्याचे प्रमाणही अधिक. १९८० च्या दशकात चंदीगडमध्ये याच पद्धतीने पाहणी झाली, तेव्हा तिथल्या कुटुंबांत अशी टोचणी लंडनच्या तुलनेत बरीच कमी आढळली. कुटुंबामुळे आजार होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. सावरत असलेल्या मेंदूला ताण कमी सोसतो, एवढाच तो आहे.

आमच्या घरी वडील रोज सकाळी दारातून म्हणत, ‘उन्हं डोक्यावर आली, अजून अंथरुणातच?’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. शेतावर राबलेल्या माणसाला बावीस वर्षांचा मुलगा झोपलेला पाहवत नव्हता. पण उत्साह गळून जाणे, बोलणे कमी होणे, आंघोळीचाही कंटाळा येणे ही या आजाराचीच लक्षणे असतात, आणि काही औषधांनी सकाळी गुंगीही राहते. हा आळस नव्हे, हे एकदा समजले की बोलण्याचा सूर आपोआप खाली येतो. त्यानंतर वडील चहाचा कप घेऊन त्याच्या उशाशी बसू लागले आणि ‘चल, गोठ्यात जाऊन येऊ, वासराला पाणी पाजायचंय’ एवढेच म्हणू लागले. विनंती एकच असावी, लहान असावी, त्या वेळेपुरती असावी. आणि ती पार पडल्यावर ‘पाणी पाजलंस, माझी एक फेरी वाचली’ असे नेमके कौतुक करावे.

दुसरे टोकही तितकेच घातक असते. आई ताटाशी बसून घास भरवते, खोलीबाहेर झोपते, त्याच्या प्रत्येक फोनकडे लक्ष ठेवते. अशा वेळी मायेच्या माणसालाच थोडे दूर व्हायला सांगावे लागते. आईने आठवड्यातून दोनदा भजनी मंडळाला जावे, बहिणीने आपला अभ्यास सोडू नये, आणि मुलाला दिवसातले काही तास एकटे राहू द्यावे. आठवड्यातून एकदा सर्वांनी, मुलासह, अर्धा तास बसून एकाच अडचणीवर बोलावे: गोळ्यांची वेळ, पैसे, रात्रीचा टीव्ही, जे काही असेल ते. उपाय दोन-तीन सुचवावेत, पण निवड त्याची असावी. कुटुंबाला उपचारात सामील करण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला लावले होते.

भास आणि संशयाबद्दल कसे बोलावे

वाद घालून भ्रम जात नाही, आणि ‘हो, तुझंच खरं’ म्हटल्याने तो अधिक पक्का होतो. मधली वाट अशी: ‘तुला तो आवाज ऐकू येतो, मला येत नाही, पण तू घाबरलास हे मला दिसतंय. आता काय केलं तर बरं वाटेल?’ आवाज त्रास देऊ लागले की मोठ्याने वाचणे, गुणगुणणे, कानात गाणी लावणे किंवा कोणाशी तरी बोलत राहणे यांनी अनेकांना उतार पडतो. कोणत्या वेळी आवाज वाढतात आणि कशाने कमी होतात याची वही त्याने स्वतः ठेवली तर मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना पुढची दिशा ठरवणे सोपे जाते.

आमच्या भागात भाषेची अडचण खरी आहे. मुलगा कानडी व्यवहारापुरती उत्तम बोलतो, पण भीती आणि लाज यांचे शब्द त्याच्याकडे मराठीतच असतात, आणि परक्या भाषेत तो ‘बरं आहे’ म्हणून मोकळा होतो. म्हणून भेटीच्या आदल्या रात्री मराठीत मुद्दे लिहून न्यावेत, मराठी जाणणारा समाजसेवक किंवा परिचारिका आहे का हे आधीच विचारावे, आणि मुलाला काही मिनिटे डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे; तो चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.

औषध, फाईल आणि देवस्थान

गोळ्या बंद करण्याचा निर्णय घराने घेऊ नये. पहिल्या झटक्यानंतर बऱ्या झालेल्या रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा करणाऱ्या एका अमेरिकन अभ्यासात औषध थांबवणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचा धोका जवळजवळ पाचपट दिसला होता. वजन वाढणे, हात थरथरणे, पाय स्थिर न राहणे यांची तक्रार मुलाने केली तर ती तशीच डॉक्टरांपर्यंत न्यावी. ‘सहन कर’ म्हटले की तो गोळ्या गुपचूप फेकू लागतो. निपाणीकडे तंबाखू हाताशी असते, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो: विडी-सिगारेटच्या धुरामुळे ओलान्झपीन आणि क्लोझपीन या सायकोसिसवरच्या औषधांची रक्तातली पातळी घटते. धूम्रपान सुरू केले, वाढवले किंवा एकदम सोडले तरी डॉक्टरांना कळवावे लागते. गांजा मात्र पूर्णच टाळायला हवा.

एक डॉक्टर धारवाडचा, दुसरा मिरजेचा, तिसरा कोल्हापूरचा असे इकडे सहज घडते. एकाच औषधाची दोन कंपन्यांची दोन नावे दोन चिठ्ठ्यांवर येतात आणि मात्रा नकळत दुप्पट होते. सर्व कागद तारखेप्रमाणे एकाच फाईलमध्ये लावावेत आणि कुठेही गेले तरी तीच फाईल दाखवावी.

सौंदत्तीला किंवा गाणगापूरला जाण्यावरून घरात भांडण करू नये. श्रद्धेने घराला बळ येत असेल तर जरूर जावे, पण प्रवासातही गोळी चुकू नये, झोप मोडू नये, आणि मारणे, डागणे, उपाशी ठेवणे किंवा साखळीने बांधणे यांना कोणत्याही परिस्थितीत संमती देऊ नये. ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली तेव्हा साखळ्यांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्रीबद्दलही हाच विचार करावा: मुलाने दिवसा मंडळात चित्ररथ सजवायला जावे, पण रात्रभराचे जागरण आणि ढोल-डीजेचा दणका त्या वर्षी टाळावा.

काम आणि शिक्षण

‘आधी पूर्ण बरा होऊ दे, मग काम’ हा सल्ला ऐकून वर्षे वाया जातात. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये १९९० च्या दशकात उभी राहिलेली पद्धत याच्या उलट आहे: माणसाला जे काम आवडते ते नेहमीच्या ठिकाणीच लवकर शोधावे, आणि आधार त्याला कामावर असताना द्यावा. सैन्यभरतीसाठी रोज पहाटे धावणाऱ्या मुलाला ते स्वप्न मिटल्याचे दुःख फार मोठे असते. त्याची समजूत घालण्याची घाई न करता ते त्याला बोलून दाखवू द्यावे, आणि मग पहाटेचे धावणे डॉक्टरांना विचारून हळूहळू सुरू करू द्यावे. पुढे ओळखीच्या वर्कशॉपमध्ये रोज दोन तास, भाजीच्या शेतात तोडणी, मामाच्या दुकानात हिशेब, कॉलेजात एका वेळी दोनच विषय, अशी सुरुवात होऊ शकते. मालकाला आजाराचे नाव सांगायचे की नाही हे मुलाने ठरवावे. वेळ आणि विश्रांतीची सवलत मात्र आधीच मागून घ्यावी. मजुरी त्याच्याच हातात द्यावी. सरकारी सवलतींसाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, पण सावरत असलेल्या तरुणाला प्रमाणपत्राची घाई करू नये असे माझे मत आहे.

आजाराने घर मोडकळीला येते तेव्हा कोणी तरी बाहेरचा माणूस नियमित येणे हाच मोठा आधार असतो. सातारा, गोवा आणि तमिळनाडूतील कांचीपुरम येथे स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे सायकोसिसच्याच एका दीर्घकाळ चालणाऱ्या प्रकाराच्या, २८२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन दिलेल्या मदतीमुळे, नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा, रुग्णांची लक्षणे आणि परावलंबन काही प्रमाणात कमी झाले. गावातली आशा कार्यकर्ती, निवृत्त गुरुजी किंवा मुलाचा जुना मित्र यांपैकी एकाला आठवड्यातून एकदा यायला सांगावे.

लग्नाचा विषय निघेलच. ‘लग्न झालं की सुधारेल’ असे म्हणून स्थळ शोधणे हे मुलावर आणि त्या मुलीवरही अन्याय करणारे आहे. तो किमान काही काळ स्थिर असावा, लग्न त्याला स्वतःला हवे असावे, आणि आजार व औषधे यांची माहिती बोलणी पक्की होण्यापूर्वी समोरच्यांना दिलेली असावी. लपवून केलेल्या लग्नात पहिली गोष्ट लपते ती गोळी. मुलीचा आजार असेल तर माहेरचे लोक अधिकच लपवतात, म्हणून तिच्या बाबतीत हे अधिक काटेकोरपणे पाळावे.

पुन्हा आजार उलटला तर

झटका येण्याआधी बहुधा काही दिवस ते काही आठवडे खुणा दिसतात: झोप उडणे, जेवण एकट्याने घेणे, मोबाईल बंद करून ठेवणे, आरशाकडे किंवा खिडकीकडे वारंवार पाहणे. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात. मुलगा बरा असताना त्याच्यासोबत बसून त्याच्या चार-पाच खुणा कागदावर लिहून घ्याव्यात, आणि दोन दिसल्या की कोणाला फोन करायचा हेही त्यावर असावे. सावरण्याच्या पहिल्या वर्षात निराशा दाटते. म्हणून ‘जगावंसं वाटत नाही असं होतं का?’ हे सरळ विचारावे, विचारल्याने तो विचार मनात येत नाही. शेतावरची कीटकनाशके कुलूपबंद आणि घराबाहेर ठेवावीत. त्याने होकार दिला तर त्या रात्री त्याला एकटे सोडू नये आणि जवळच्या रुग्णालयात न्यावे.

त्याच कागदाच्या मागे त्याची स्वतःची इच्छा लिहून घ्यावी: पुन्हा दाखल व्हावे लागले तर कुठे, कोणते औषध चालले नव्हते, सोबत कोणी यावे, आणि कोणाला मुळीच कळवू नये. २०१७ चा कायदा सज्ञान व्यक्तीला अशी आगाऊ सूचना लेखी देण्याचा आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क देतो. तिचा रीतसर नमुना मानसोपचार विभागातील समाजसेवकाकडे विचारावा. माझ्या भावाने प्रतिनिधी म्हणून वडिलांचे नाव लिहिले. फाईलमध्ये सर्वांत वर तो कागद आहे.