रिहॅब सेंटरमध्ये आपल्या माणसाची बाजू मांडताना या चुका टाळा

खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, सहाव्या दिवशी हॉस्पिटलने सांगितलं की आता घरी न्या. पण घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आत्याला पलंगावरून उठवायलाच दोन माणसं लागत होती. म्हणून पुण्यातल्या एका रिहॅब सेंटरमध्ये, म्हणजे ऑपरेशननंतर व्यायाम करून घेऊन माणसाला पुन्हा उभं करतात अशा ठिकाणी, तिला दीड महिना ठेवलं. आत्या ७८ वर्षांची. मी रोज जात होते, तरीही पहिल्या आठवड्यात बरंच काही माझ्या हातून सुटलं. तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली असेल तर त्यातलं थोडं तरी तुमचं वाचावं, म्हणून हे लिहिते आहे.

पडण्याआधी ती कशी होती, हे न सांगणं

सगळ्यात मोठी चूक ही. बाकीच्या बऱ्याचशा इथूनच सुरू होतात.

सेंटरमधल्या लोकांनी आत्याला पहिल्यांदा पाहिलं ते स्ट्रेचरवर. डायपर लावलेला, लघवीची नळी म्हणजे कॅथेटर घातलेला, चष्मा पिशवीत, कवळी डबीत. ती आधीपासून अशीच असणार, असं त्यांनी धरलं, आणि त्यात त्यांचं फारसं चुकलंही नाही, कारण त्यांना दुसरं कुणी काही सांगितलंच नव्हतं. हीच आत्या महिन्यापूर्वी एकटी रिक्षाने मंडईत जाऊन भाजी आणत होती आणि पेपरातलं शब्दकोडं दुपारच्या आत सोडवत होती.

चौथ्या दिवशी मी फुलस्केप कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काढलं. आंघोळ, संडास, स्वयंपाक सगळं स्वतः करायची. काठी वापरत नव्हती. डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. चष्म्याशिवाय समोरचा माणूस ओळखता येत नाही. घरी जाण्यासाठी ३४ पायऱ्या चढाव्या लागतील. तो कागद इन-चार्ज सिस्टरना वाचून दाखवला आणि फाइलला लावायला सांगितला. दुसऱ्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या, "मग यांना कमोडच्या खुर्चीवर बसवून बघूया की." कॅथेटर अजून का आहे, हेही त्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं. गरज नसताना राहिलेला कॅथेटर लघवीच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण देतो. आत्याचा तो दोन दिवसांत निघाला.

डिस्चार्ज कार्डात सगळं आलंय असं समजणं

आमच्या कार्डावर ऑपरेशनचं नाव होतं, औषधं होती, टाके कधी काढायचे ते होतं. त्या पायावर वजन टाकू द्यायचं की नाही, एवढंच नव्हतं. त्यामुळे फिजिओ पाच दिवस फक्त पलंगावरचे व्यायाम घेत राहिले. त्यांचंही बरोबर होतं, लेखी सूचनेशिवाय ते कसं उभं करतील? सर्जनच्या ओपीडीत जाऊन एक ओळ लिहून आणली, "वॉकरच्या आधाराने पूर्ण वजन टाकण्यास हरकत नाही", आणि त्याच दुपारी आत्या उभी राहिली. सगळ्यांना ही परवानगी मिळत नाही, ते ऑपरेशन कोणतं आणि हाड कसं यावर ठरतं. पण जे असेल ते लेखी हवं.

हे पाच दिवस माझ्या मनाला अजून लागतात. अमेरिकेतल्या एका अभ्यासात धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचे स्नायू साधारण एक किलोने घटले होते. मोडलेलं हाड घेऊन निजलेल्या माणसाचं काय होत असेल!

त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी विचारा. रक्त गोठू नये म्हणून दिलेलं इंजेक्शन किंवा गोळी कुठल्या तारखेपर्यंत? आणि हाडं ठिसूळ झाल्याचे उपचार कोण सुरू करणार? हे दुसरं काम सर्जन आणि फॅमिली डॉक्टर यांच्यामध्ये अनेकदा पडून राहतं.

"वय झालं, असं होतंच" हे ऐकून गप्प बसणं

दहाव्या दिवशी आत्या एकदम शांत झाली. घास तोंडात तसाच, हाक मारली की डोळे उघडून पुन्हा मिटायचे. "आज त्रास देत नाहीत," असं तिची देखभाल करणाऱ्या सेंटरच्या मावशी कौतुकाने म्हणाल्या. म्हातारपणी भ्रम झाला की माणूस आरडाओरडा करतोच असं नाही. कित्येकदा तो असाच गप्प होतो, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. "काल ती माझ्याशी अर्धा तास बोलली, आज नाव सांगता येत नाही," असं काल आणि आज शेजारी ठेवून सांगा. मग विचारा: रक्तातलं सोडियम तपासलं का? लघवी? पोट किती दिवस साफ नाही? झोपेची नवीन गोळी दिली का? आमच्याकडे सोडियम कमी निघालं. डॉक्टरांनी औषधं बदलली आणि चार दिवसांत ती पुन्हा माझ्यावर रागावण्याइतकी बरी झाली.

फक्त संध्याकाळी भेटायला जाणं

भेटीची वेळ पाच ते सात, फिजिओ सकाळी अकराला. संध्याकाळी जाणाऱ्याला थकलेलं माणूस दिसतं आणि "आज व्यायाम झाला" एवढंच कळतं. आठवड्यातून दोनदा तरी परवानगी काढून व्यायामाच्या वेळी जा. किती मिनिटं उभी राहिली, किती पावलं टाकली, ते वहीत तारखेसह लिहा. "प्रगती नाही" या तक्रारीला कुणीही उत्तर देऊ शकतं. "सोमवारी २० पावलं होती, शुक्रवारी ८ आहेत" याला नीट उत्तर द्यावं लागतं.

तिच्याऐवजी आपणच बोलणं

राउंडला डॉक्टरांनी विचारलं, "काय आजी, जेवण जातंय का?" मी लगेच म्हणाले, "नाही हो, अर्धीच पोळी खाते." आत्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. नंतर म्हणाली, "पोळी चामट असते, भात मागितला तर कुणी देत नाही, हे मी सांगणार होते." पायाला झालं होतं, बोलणं शाबूत होतं. तेव्हापासून मी आधी तिच्याकडे बघायचे. तिचं झाल्यावर काही राहिलं असेल तरच बोलायचे.

घरच्यांमध्ये मात्र सेंटरशी बोलणारा एकच ठेवा. पुण्यातून एक, बंगळुरूहून दुसरा, न्यू जर्सीहून तिसरा फोन गेला की तिघांना तीन उत्तरं मिळतात.

मावशींवर ओरडणं

डायपर वेळेवर बदलला नाही म्हणून मी एकदा ओरडले. त्या मावशींची बारा तासांची पाळी होती आणि सहा पेशंट. माणसं किती ठेवायची ते त्यांच्या हातात नाही. अशी तक्रार इन-चार्जकडे, लेखी, तारीख-वेळ घालून करा.

मावशींशी मात्र गोडीने एक गोष्ट जमवा: कूस बदलताना माकडहाड आणि टाचा रोज बघणं. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायला हवी. आपल्या सावळ्या कातडीवर सुरुवातीची लाली दिसत नाही. हात लावून बघा, ती जागा गरम किंवा कडक लागली की सिस्टरना लगेच दाखवा.

पैशांचं शेवटी बघणं

आरोग्यविम्याच्या प्रमाणित अपवादांमध्ये विश्रांती आणि पुनर्वसनासाठीचा मुक्काम येतो, तेव्हा सेंटरचा खर्च मिळेल हे धरून चालू नका. डिस्चार्जनंतरच्या फिजिओचे पैसे काही पॉलिसींत ठरावीक दिवसांपर्यंत मिळतात. दाखल करण्याआधीच विचारा. पॅकेजमध्ये फिजिओ दिवसातून एकदा की दोनदा, डायपर आणि हवेची गादी धरली आहे का, हेही. वैद्यकीय कागदपत्रांची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत डॉक्टरांनी द्यावी असा नियम आहे. अर्ज करून पोच घ्या. कुठेच दाद लागत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइन नावाची हेल्पलाइन मोफत आहे.

घराचा विचार शेवटच्या दिवशी करणं

सेंटरची फरशी सपाट, संडासात दांडा, सगळीकडे उजेड. घरी उंबरा आणि जिना. वॉकर दारातून जातो का ते आधी मोजा, आमचा न्हाणीघरात जात नव्हता. फिजिओंना जिन्याचा फोटो दाखवला, चढताना कठडा डावीकडे आहे हे सांगितलं, तेव्हा त्यांनी तसाच सराव घेतला: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. घरी जो सांभाळणार आहे त्याने या सरावाला शेवटचे तीन दिवस तरी हजर राहावं, धरायचं कुठे ते हाताला कळायला हवं. घरी येताना आत्याला ३४ पायऱ्या चढायला पंचवीस मिनिटं लागली. मधल्या मजल्यावर शेजाऱ्यांनी खुर्ची ठेवली होती, तिथे ती बसली आणि पाणी प्यायली.