मुलाला सामन्यात खेळवत नाहीत? पालकांनी या चुका टाळाव्यात

कोल्हापुरात फुटबॉलवरून वाद होणे नवे नाही. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ या संघांचा शाहू स्टेडियमवरील सामना संपला तरी त्यावरची चर्चा पेठेतल्या कट्ट्यावर दोन दिवस चालते. अलीकडे मात्र तालीम-मंडळांच्या बरोबरीने फी घेऊन शिकवणाऱ्या ॲकॅडमी उभ्या राहिल्या, दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या स्पर्धा वाढल्या, आणि 'आमच्या मुलाला बाहेर का बसवले' या प्रश्नावरून पालक आणि प्रशिक्षक यांच्यात वारंवार खटके उडू लागले. यांपैकी बऱ्याच तक्रारींत तथ्य असते. परंतु त्या चुकीच्या मापाने मोजलेल्या आणि चुकीच्या वेळी मांडलेल्या असतात, त्यामुळे मुलाच्या पदरात काहीच पडत नाही.

मिनिटे मोजणे, पण सराव न पाहणे

मुलगा सामन्यात किती मिनिटे खेळला याचा चोख हिशेब ठेवणारे अनेक पालक सरावाच्या मैदानाकडे महिनोन्‌महिने फिरकत नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. अकरा-अकरा जणांच्या सामन्यात पूर्ण वेळ खेळलेल्या खेळाडूच्या पायातही चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटे असतो, कारण एकच चेंडू बावीस जणांत फिरतो आणि थ्रो-इन, फाउल, गोलकिक यांत बराच वेळ जातो. म्हणजे पहिला टच (आलेला चेंडू पहिल्याच स्पर्शात ताब्यात घेणे), दोन्ही पायांनी पास देणे, अंगावर आलेल्या खेळाडूला चकवणे या गोष्टी मुख्यतः सरावातच अंगवळणी पडतात.

म्हणून दहा मिनिटे कमी मिळाल्याबद्दल भांडण्याआधी एखाद्या दिवशी सराव सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबून पाहावा. किती मुलांमागे किती चेंडू आहेत, गोलवर किक मारण्यासाठी मुले रांगेत किती वेळ ताटकळतात, तीन विरुद्ध तीन किंवा चार विरुद्ध चार असे छोटे खेळ होतात की सारा वेळ मैदानाला फेऱ्या मारण्यात जातो, हे पाहायला फुटबॉलमधील तज्ज्ञ असावे लागत नाही. पंचवीस मुलांत तीन चेंडू असतील आणि निम्मा वेळ रांगेत जात असेल, तर खरी तक्रार ती आहे, आणि सामन्यातील वाढीव मिनिटांनी ती दूर होणार नाही. उलट सराव उत्तम चालत असेल, तर चार-दोन सामने बाहेर बसावे लागल्याने मुलाचे फारसे बिघडत नाही. सबंध हंगामच बाकावर गेला तर मात्र बिघडते, कारण दडपणाखाली झटपट निर्णय घेणे किंवा दमल्यावरही आपली जागा न सोडणे हे सामन्यात उतरल्याशिवाय शिकता येत नाही.

सर्व वयांना एकच न्याय लावणे

बारा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: संघात घेतलेल्या प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात भरीव वेळ मिळायला हवा, आणि तो मागणारा पालक हट्टी ठरत नाही. अमेरिकेतील एवायएसओ या बाल-फुटबॉल संस्थेत प्रत्येक मुलाला सामन्याचा किमान निम्मा वेळ खेळवण्याचा नियमच आहे. आपल्याकडेही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने लहान मुलांसाठी सुरू केलेल्या गोल्डन बेबी लीगमागे कमी खेळाडूंचे संघ, लहान मैदान आणि प्रत्येकाच्या पायाला अधिकाधिक चेंडू हाच विचार होता. शिवाय खेळाच्या नियमांतील तिसऱ्या नियमानुसार, बाहेर काढलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची मुभा युवा फुटबॉलमध्ये राष्ट्रीय महासंघाच्या संमतीने देता येते. तेव्हा स्पर्धेची नियमावली ती मुभा देत असेल, तर 'एकदा काढला की परत घेता येत नाही' हे कारण चालणार नाही. ती नियमावली पालकांनी मागून घ्यावी आणि वाचावी.

सोळा-सतरा वर्षांच्या गटात परिस्थिती वेगळी असते. तिथे संघ जिंकण्यासाठी निवडला जातो आणि जागा कमवावी लागते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे उदाहरण आपल्याकडे प्रत्येक पालक देतो. परंतु त्या स्पर्धेसाठी निवडलेल्या २१ जणांपैकीही सामन्याची सुरुवात ११ जणच करत होते, याची आठवण फारसे कोणी ठेवत नाही. खरी ओढाताण तेरा ते पंधरा या वयात होते, कारण क्लब मुलांना मोठ्यांच्या मापाने मोजू लागतो आणि पालक अजून लहान मुलांचे माप धरून बसलेले असतात. या वयात समान वेळ मागण्यापेक्षा, साखळी सामन्यांत सर्वांना किती वेळ आणि बाद फेरीत निवड कशावर, हे हंगामाच्या आधी विचारून घेणे श्रेयस्कर ठरते. क्लबनेही ते न विचारता सांगायला हवे. पालकांना 'लुडबूड करू नका' असे सुनावणारे कित्येक क्लब आपले धोरण एका कागदावरही लिहून देत नाहीत, ही त्यांची चूक आहे.

उंचीलाच कौशल्य समजणे

वयोगट सामान्यतः १ जानेवारीच्या हिशेबाने ठरतो, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला मुलगा जवळजवळ वर्षाचे अंतर असूनही एकाच गटात खेळतात. जगभरच्या युवा संघांत वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत जन्मलेली मुले अधिक दिसतात, ती यामुळेच. त्यातच मुलग्यांची उंची साधारण तेरा-चौदाव्या वर्षी झपाट्याने वाढते; कोणाची आधी, कोणाची नंतर. आज मागे पडलेला डिसेंबरचा मुलगा दोन वर्षांनी बरोबरी करू शकतो, मात्र तोवर त्याला खेळात टिकवून ठेवावे लागते. प्रशिक्षकाशी बोलताना 'तो लहान चणीचा आहे म्हणून बाहेर बसतो, की काही येत नाही म्हणून?' असे सरळ विचारावे, कारण या दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

यातून सुचणारी पळवाट म्हणजे जन्मदाखल्यात फेरफार करून मुलाला खालच्या गटात खेळवणे. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढण्याची टीडब्ल्यू-३ चाचणी महासंघ वापरतो. त्यात पकडले गेल्यास शिक्षा मुलाला होते. आणि पकडले गेले नाही तरी वर्षभर लहान मुलांना धडका देत जिंकलेला मुलगा बरोबरीच्यांत उतरल्यावर उघडा पडतो.

सामना संपताच प्रशिक्षकाला गाठणे

हरलेल्या सामन्यानंतर पाचव्या मिनिटाला, इतर पालकांच्या घोळक्यात, स्वतःच्या मुलादेखत विचारलेल्या प्रश्नाला कोणताही प्रशिक्षक धड उत्तर देऊ शकत नाही. रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला संदेश तर त्याहून वाईट, कारण तिथे उत्तरापेक्षा बाजू घेणेच सुरू होते. एक दिवस जाऊ द्यावा, सरावाआधीची वेळ मागावी आणि दुसऱ्याच्या मुलाचे नाव बोलण्यात येऊ देऊ नये. 'सर, अमक्यांचा मुलगा रोज उशिरा येतो, तरी खेळतो कसा?' यावर सर बचावाच्या पवित्र्यात जातात. 'सर, पुढच्या दोन महिन्यांत त्याने नेमके काय सुधारायला हवे, आणि ते सुधारले की नाही हे आम्हाला कसे कळेल?' यावर त्यांना विचार करून उत्तर द्यावे लागते. उत्तर 'मेहनत कमी पडते' एवढेच मिळाले, तर नम्रपणे पुन्हा विचारावे: डावा पाय, चेंडू गेल्यावर मागे धावणे, की आणखी काही?

पेठेतील मंडळात हे अधिक नाजूक होते. प्रशिक्षक बहुधा शेजारचाच, कधी नात्यातला. त्याला लहानपणापासून 'दादा' किंवा 'काका' म्हटलेले असते, आणि तो बहुतेकदा बिनपगारी राबत असतो. तिथे 'आम्ही पैसे मोजतो' हा युक्तिवाद लागू पडत नाही. फी घेणाऱ्या ॲकॅडमीतही फी ही प्रशिक्षणाची असते की सामन्यातील जागेचीही, हे प्रवेश घेतानाच स्पष्ट करून घेतलेले बरे.

मैदानाबाहेरून सूचना देणे हा याच चुकीचा दुसरा अवतार. प्रशिक्षकाने मुलाला चेंडू थांबवून पास द्यायला सांगितलेले असते आणि दोरीपलीकडून वडील 'हाण की लेका!' म्हणून ओरडत असतात. गोंधळलेला मुलगा दोन्हींपैकी काहीच करत नाही आणि दहा मिनिटांत बाहेर येतो.

जागेचा हट्ट

मुलाला फॉरवर्डवरून बॅकला आणले की पदावनती झाल्यासारखे वाटणारे पालक पुष्कळ आहेत. चौदा वर्षांपर्यंत तीन-चार जागांवर खेळलेल्या मुलाला पुढे संघात शिरायला अधिक वाटा असतात. अपवाद गोलकीपरचा: ती जागा एकच असल्यामुळे दोन गोलकीपर असलेल्या संघात अर्धा-अर्धा सामना वाटून घेण्याची विनंती अवश्य करावी.

दुखणे लपवणे

जागा जाईल या भीतीने मुले दुखणे सांगत नाहीत, आणि कधी कधी पालकच 'आत्ता बोलू नकोस' असे बजावतात. वाढीच्या वयात टाचेमागे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला होणारी वेदना अनेकदा वाढत्या हाडावर पडणाऱ्या ताणामुळे असते. वेळीच खेळ कमी केला तर बहुतेकदा ती बरी होते, दामटून खेळल्यास महिनोन्‌महिने रेंगाळते. सकाळी शाळेचा संघ, संध्याकाळी क्लब, रात्री टर्फवर मित्रांचा सामना आणि रविवारी पेठेची स्पर्धा असा रतीब चालू असेल, तर शेवटच्या पंधरा मिनिटांत प्रशिक्षक त्याला बाहेर का काढतो याचे उत्तर घरातल्या वेळापत्रकातच सापडेल. दुखणे आठवडाभर राहिले किंवा मूल लंगडू लागले, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

दरवर्षी क्लब बदलणे

सहा महिन्यांत खेळायला मिळाले नाही की दुसरीकडे जायचे, तिथेही तेच झाले की तिसरीकडे, अशा मुलाला कोणताच प्रशिक्षक पुरता ओळखत नाही. तरीही क्लब सोडण्याची योग्य कारणे असतात: सरावच होत नाही, मुलांना शिवीगाळ होते, बारा वर्षांखालील मूल हंगामभर बाकावर राहते, किंवा दोनदा भेटूनही काय सुधारायचे ते सांगितले जात नाही. अशा वेळी हंगामाच्या मध्यात तडकाफडकी बाहेर पडू नये, कारण एका क्लबकडून नोंदणी झालेल्या खेळाडूला दुसऱ्याकडून खेळण्यासाठी रीतसर बदली करून घ्यावी लागते. पावसाळ्यात मैदाने चिखलात असताना स्पर्धा थंडावतात. नव्या क्लबचे आठवडाभराचे सराव पाहायला, त्याच वयाच्या मुलांची संख्या मोजायला आणि एका गटात किती संघ उतरवणार हे विचारायला तो काळ सोयीचा असतो. एका गटात चाळीस मुले आणि संघ एकच, असे उत्तर आले तर फी भरण्याआधी पुन्हा विचार करावा.