या चुका टाळा: संघटनेच्या सभासद यादीला मतदार यादी समजू नका

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघातील शिक्षकांनी ३० जानेवारी २०२३ रोजी विधान परिषदेवरील आपल्या प्रतिनिधीसाठी मतदान केले आणि २ फेब्रुवारीच्या मतमोजणीत सुधाकर अडबाले यांनी दोन वेळा निवडून आलेले नागो गाणार यांचा पराभव केला. जुनी पेन्शन हा त्या निवडणुकीतील सर्वांत मोठा विषय होता. सहा वर्षांच्या मुदतीच्या हिशेबाने पुढची निवडणूक २०२९ च्या प्रारंभी येते. ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ असे म्हणणाऱ्या तालुका आणि जिल्हा पदाधिकाऱ्यांसाठी हा लेख आहे. मग ते कोणत्या संघटनेचे आणि कोणत्या उमेदवाराचे, हा प्रश्न येथे नाही. मी स्वतः एका शिक्षक संघटनेचे तालुका पातळीवरील काम बरीच वर्षे केले असून पुढे लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी माझ्या हातून झालेल्या आहेत.

सभासद आहे, म्हणजे मतदार आहेच असे धरून चालणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. वर्गणीची पावती फाडलेली असली, अधिवेशनाला हजेरी असली, तरी शिक्षक मतदारसंघाच्या यादीत नाव असेलच असे नाही. विधानसभेच्या यादीत एकदा आलेले नाव पुढच्या निवडणुकीतही साधारणपणे टिकून राहते. शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या याद्या मात्र प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने तयार होतात. मागील वेळी मतदान केलेल्या शिक्षकालाही नमुना १९ चा, म्हणजे शिक्षक मतदार म्हणून नोंदणीचा, अर्ज पुन्हा भरावाच लागतो. ‘माझे नाव आहेच’ असे ठामपणे सांगणारे सर मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर यादीत बोट फिरवत उभे असतात, ते याच गैरसमजामुळे.

नोंदणीचे वेळापत्रकही पदाधिकाऱ्यांच्या तोंडपाठ असले पाहिजे. पात्रतेची तारीख १ नोव्हेंबर असते. २०२२ मध्ये १ ऑक्टोबरला जाहीर सूचना निघाली, अर्जाची अंतिम तारीख ७ नोव्हेंबर होती, प्रारूप यादी २३ नोव्हेंबरला प्रसिद्ध झाली, दावे व हरकतींसाठी ९ डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली आणि ३० डिसेंबरला अंतिम यादी आली. म्हणजे अर्ज भरण्यास जेमतेम पाच आठवडे मिळाले, आणि त्यात दिवाळीची सुटी होती. शाळा बंद, मुख्याध्यापक गावी, शिक्का कपाटात, कपाटाची किल्ली लिपिकाकडे आणि लिपिक गोंदियाला सासुरवाडीत! घोडे इथेच पेंड खाते. कागदपत्रे सप्टेंबरमध्येच गोळा करून ठेवली, तर सुटी आड येत नाही.

अर्जातील ठरावीक चुका

पहिला घोळ पात्रतेचा असतो. पात्रतेच्या तारखेपूर्वीच्या सहा वर्षांत एकूण किमान तीन वर्षे, माध्यमिक दर्जापेक्षा खालच्या नसलेल्या आणि राज्यातील विनिर्दिष्ट संस्थेत अध्यापन केलेले असणे आवश्यक आहे. ही तीन वर्षे सलग किंवा एकाच शाळेत असण्याची अट नाही. त्यामुळे दोन शाळांत मिळून तीन वर्षे भरणाऱ्या शिक्षकाने दोन्ही संस्थाप्रमुखांची प्रमाणपत्रे जोडावीत. निवृत्तांच्या बाबतीत तर संघटना हमखास चुकतात. समजा, १ नोव्हेंबर २०२८ ही तारीख धरली आणि एखादे सर जून २०२६ मध्ये निवृत्त झाले, तर मागील सहा वर्षांत त्यांचे अध्यापन तीन वर्षांहून अधिक भरते, म्हणजे ते पात्र ठरतात. निरोप समारंभात शाल-श्रीफळ दिले की आपण त्यांचे नाव वहीतून खोडतो, आणि एक अनुभवी मतदार आपल्याच हाताने कमी करतो.

दुसरा घोळ मतदारसंघाचा. काटोलला राहून वरूडच्या शाळेत शिकवणारे एक सर माझ्यासमोर अर्ज घेऊन बसले होते. त्यांनी तो अमरावती विभागासाठी भरला होता.

“सर, तुम्ही राहता कुठे?” मी विचारले.

“काटोलला. पण शाळा तर वरूडला आहे ना!”

शाळा कोणत्या विभागात आहे यावर नव्हे, तर शिक्षक सर्वसाधारणपणे कोठे राहतो यावर मतदारसंघ ठरतो. सरांचे मत नागपूर विभागात होते, प्रमाणपत्र मात्र वरूडच्याच मुख्याध्यापकांचे लागणार होते. विभागाच्या सीमेवर असे शिक्षक प्रत्येक तालुक्यात आढळतात. त्यांची वेगळी यादी करावी, कारण दोन्हीकडच्या संघटना ‘ते तिकडचे’ म्हणून त्यांना सोडून देतात.

लग्नापूर्वीचे नाव सेवापुस्तकात आणि लग्नानंतरचे नाव रहिवासाच्या पुराव्यावर असेल, तर दोन्हींना जोडणारा कागद अर्जासोबतच द्यावा, हे शिक्षिकांना आधीच सांगून ठेवले पाहिजे.

तिसरी चूक उत्साही कार्यकर्त्यांची आहे. दोनशे अर्ज एका पिशवीत भरून एकाच माणसाने कार्यालयात नेऊन टाकणे चालत नाही. पक्ष किंवा संघटनांचे गठ्ठ्याने आलेले अर्ज स्वीकारले जात नाहीत. संस्थाप्रमुखाला मात्र आपल्या शाळेतील पात्र कर्मचाऱ्यांचे अर्ज एकत्र पाठवता येतात, आणि हाच मार्ग सर्वांत सोयीचा आहे. एखाद्या ठिकाणी संस्थाचालकांची मर्जी दुसऱ्या उमेदवाराकडे असल्याने प्रमाणपत्राला ‘उद्या या, परवा या’ असे उत्तर मिळते. तेथे वाद न घालता लेखी मागणी करावी आणि तारखेसह पोच घ्यावी, कारण पुढे नोंदणी अधिकाऱ्यांकडे, म्हणजे विभागीय आयुक्तांकडे, दाद मागायची झाल्यास तोच कागद उपयोगी पडतो.

मजकूर पाठवला म्हणजे संपर्क झाला, असे समजणे

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सॲपच्या गटावर सकाळी सुविचार, दुपारी परिपत्रक आणि रात्री उमेदवाराचे छायाचित्र येऊ लागते. निळ्या खुणा दिसल्या की पदाधिकारी निश्चिंत होतात. प्रत्यक्षात तालुक्याच्या गटावर बोलणारे नेहमीचे आठ-दहा जण असतात आणि बाकीच्यांनी गट मूक करून ठेवलेला असतो. पाच वर्षे ज्याला एकदाही फोन केला नाही, त्याला सहाव्या वर्षी ‘आपला माणूस’ म्हणून हाक मारली, तर तो ओ का देईल?

सभासद संघटनेशी बांधला जातो तो त्याच्या अडलेल्या कामातून. थकीत देयक वेतन पथकात कोठे अडले आहे, पगाराच्या शालार्थ या ऑनलाइन प्रणालीत जन्मतारीख चुकीची का दिसते, १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानुसार संचमान्यता (विद्यार्थिसंख्येवरून शिक्षकपदांची मंजुरी) झाल्यास शाळेत किती पदे उरतील, सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालामुळे आठवीपर्यंतच्या वर्गांना शिकवणाऱ्यांपैकी कोणाला टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, द्यावी लागेल, हे त्याचे खरे प्रश्न आहेत. शिवाय सर्वांचे दुखणे एक नसते. जुनी पेन्शन बंद झाली त्या १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्याला पेन्शनची काळजी नाही, नंतर लागलेल्याला तीच पहिली काळजी आहे, आणि अंशतः अनुदानित शाळेतील तरुण शिक्षकाला टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या अनुदानापलीकडे काही ऐकायचेच नसते. तिघांनाही एकच पत्रक देणे ही मेहनतीची उधळपट्टी आहे.

यावर उपाय जुनाच आहे. प्रत्येक शाळेत एक प्रतिनिधी नेमावा, त्याच्याकडे दहा-पंधरा नावांपेक्षा जास्त जबाबदारी देऊ नये आणि त्याच्या वहीत प्रत्येक नावापुढे तीनच गोष्टी असाव्यात: नमुना १९ भरला का, प्रारूप यादीत नाव आले का, आणि या सभासदाचे कोणते काम अडले आहे. तिसरा रकाना भरण्यासाठी शिक्षकाशी बोलावेच लागते, म्हणून तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर शिक्षक-खोलीत मिळणारी वीस मिनिटे सीताबर्डीतील सभागृहात घेतलेल्या दोन तासांच्या मेळाव्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात. मेळाव्याची वेळही रविवारी सायंकाळी पाचची ठेवायची आणि मग ‘मॅडम लोक येत नाहीत’ अशी तक्रार करायची, हे योग्य नाही. सिरोंचा किंवा भामरागडच्या शिक्षकाला तर नागपूरच्या सभेचे निमंत्रण म्हणजे थट्टाच वाटते. तेथे पदाधिकाऱ्यांनीच जावे, निदान फोन तरी करावा.

मोर्च्याची गर्दी मोजून मतांचा अंदाज बांधणे

हिवाळी अधिवेशनात यशवंत स्टेडियममधून निघालेला मोर्चा डोळ्यांत भरतो आणि दुसऱ्या दिवशी छायाचित्रही छापून येते. मात्र त्या गर्दीतील किती जण या सहा जिल्ह्यांतील रहिवासी असतात? अधिवेशन नागपुरात असल्याने राज्यभरातून शिक्षक येतात, आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतील शिक्षक मोठ्या संख्येने असले तरी त्या शाळा माध्यमिक दर्जाच्या नसल्याने शिक्षक मतदारसंघात त्यांना मत नसते. मोर्चा मागणीसाठी काढावा, मतांचा हिशेब वहीवरूनच करावा. जाता जाता एक गोष्ट: पदवीधर असलेला प्राथमिक शिक्षक, पदवीला आवश्यक तीन वर्षे झाली असल्यास, नमुना १८ भरून पदवीधर मतदारसंघात मतदार होऊ शकतो. नागपूर विभागाच्या त्या जागेसाठी मागील मतदान १ डिसेंबर २०२० रोजी झाले होते. दोन्ही पात्रता पूर्ण करणारा माध्यमिक शिक्षक दोन्ही याद्यांत असू शकतो, आणि हे अनेक पदाधिकाऱ्यांनाही ठाऊक नसते.

उमेदवाराबाबत एवढेच सांगतो की, पाठिंबा चार जणांनी बंद खोलीत ठरवून नंतर तालुका शाखांना ‘कळवला’, तर शाखा कामाला लागत नाहीत. सभा आधी, निर्णय नंतर.

सर्वांना एकच नियम लावणे

खाजगी अनुदानित शाळेतील शिक्षकाच्या सेवाशर्ती १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांनुसार चालतात, तर राज्य शासनाच्या थेट सेवेत असलेल्याला १९७९ चे वर्तणूक नियम लागू असून त्यांनुसार त्याला राजकीय पक्षाच्या कामात किंवा निवडणूक प्रचारात भाग घेता येत नाही. शासकीय सेवकाने उमेदवाराचा निवडणूक, मतदान किंवा मतमोजणी प्रतिनिधी होणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३४अ नुसार शिक्षेस पात्र अपराध आहे. मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून बसवायला माणूस हवा म्हणून शासकीय विद्यालयातील सरांचे नाव लिहून मोकळे होऊ नका. ज्यांना निवडणुकीचे कर्तव्य लागले आहे, त्यांनाही प्रचारापासून दूर ठेवावे. शाळेचा परिसर, शाळेचा झेरॉक्सचा कागद आणि विद्यार्थी यांचा प्रचारासाठी वापर कोणत्याही कारणाने होऊ देऊ नये.

मत कसे द्यायचे हे शिक्षकांना सांगावे लागत नाही, असे मानणे

येथे यंत्र नसते, कागदाची मतपत्रिका असते आणि तिच्यावर पक्षाचे चिन्ह नसते. केंद्रात दिलेल्या जांभळ्या स्केच पेनानेच उमेदवाराच्या नावापुढे १ हा आकडा लिहायचा असतो. १ लिहिला नाही, तो दोघांपुढे लिहिला, आकड्याऐवजी ‘एक’ असे अक्षरी लिहिले किंवा स्वतःचे पेन वापरले, तर मत बाद होते. पुढचे पसंतीक्रम ऐच्छिक असतात. ‘दुसरी पसंती दिली की आपल्या उमेदवाराचे मत अर्धे होते’ हा समज शिक्षक-खोल्यांतून वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मतांचा कोटा कोणीच गाठला नाही, तरच सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होऊन त्याच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजली जाते. तुमचा पहिल्या पसंतीचा उमेदवार स्पर्धेत आहे तोवर तुमची दुसरी पसंती कोणी पाहतही नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने एकदा तरी नमुना मतदान घ्यावे. आम्ही एका शाळेत ते घेतले, तेव्हा मतपत्रिकेवर उमेदवारांऐवजी फळांची नावे छापली होती आणि मतदार चौदा होते. संत्र्याने बाजी मारली, हे नागपुरात अपेक्षितच होते. पण चौदांपैकी तीन मते बाद झाली. एकाने खिशातील लाल पेन वापरले होते आणि दोघांनी आकडा न लिहिता बरोबरची खूण केली होती. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासणारा हात दुसरे काय करणार? चुका फळ्यावर समजावून सांगितल्या आणि लगेच दुसरी फेरी घेतली. या वेळी तेरा मते वैध निघाली. चौदाव्या सरांनी दिलेल्या पेनाने, योग्य जागी, सुबक असा १ लिहिला आणि त्याखाली सवयीने तारखेसह सही केली.