हतनूरच्या जलाशयावर हिवाळी पक्षी कसे पाहावेत

भुसावळजवळ तापीवर हतनूर धरण आहे. त्याचं पाणी मागे थेट चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे पसरतं. धरणात गाळ साचत गेल्याने काठाला उथळ पाणी भरपूर. सिंचनाला ती डोकेदुखी, चिखलात चोच खुपसणाऱ्यांची मात्र चंगळ.

पक्षी ऑक्टोबरअखेरपासून उतरू लागतात, पण दिवाळीच्या सुट्टीत धाव घेऊ नका. तेव्हा पाणी तुडुंब असतं आणि थवे विखुरलेले. डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीची सुरुवात हा खरा काळ. पाणी ओसरून चिखलाचा पट्टा उघडा पडला, की शेकाटे, तुतवार, चिखल्या काठाशी येतात.

जागा निवडताना आधी सूर्य पाहा, मग अंतर. सकाळी पूर्वेकडच्या काठावर, तोंड पश्चिमेला करून बसा. उलट बसलात तर चकाकत्या पाण्यावर सगळी बदकं काळी दिसतील आणि लालसरी की थापट्या, हा वाद घरी जाईपर्यंत मिटणार नाही. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो, त्याआधी अर्धा तास जागेवर पोहोचा. दहानंतर ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते. मग कितीही महागडी दुर्बीण असो, चित्र हलतंच.

८×४२ची (आठ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते. १० पटीची हातात जास्त हलते. मध्यभागी बसलेल्या बदकांसाठी २०-६० पटीचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची लांब पल्ल्याची दुर्बीण) आणि जड तिपाई लागते. कपडे खाकी किंवा मातकट, पांढरा शर्ट नको.

चिखलाबाबत मात्र सावध. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसणारा गाळ आत लोण्यासारखा मऊ असतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. गुरांच्या खुरांचे ताजे ठसे असतील किंवा गाळपेर (पाणी ओसरल्यावर उघड्या गाळात केलेली पेरणी) केलेली असेल तिथूनच चाला. गाळपेरीच्या रोपांवर पाय देऊ नका, आणि शेतातून जायचं तर मालकाला आधी विचारा.

जवळ जायचं कसं? जायचंच नाही. बाभळीच्या आडोशाला पाऊण तास बसून राहा. विसावलेले पक्षी हळूहळू तुमच्याकडे सरकतात. थव्यातल्या माना एकदम ताठ झाल्या, बदकं पोहत मध्याकडे निघाली, तर तुम्ही हद्द ओलांडली आहे. तिथेच थांबा. फोटोसाठी नावेतून थव्यावर जाणं तर सर्वांत वाईट: दर उड्डाणात मार्चमधल्या परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी जळते. काठावर शेकोटी पेटवून भरीत-पुरीची पार्टी मांडली तरी परिणाम तोच. भरीत हवंच, पण दहानंतर, एखाद्या केळीच्या बागेत.

ओळखायला सोप्यापासून सुरुवात करा. नारिंगी अंगाचे चक्रवाक जोडीने दिसतात. तलवार बदकाची शेपटी लांब टोकदार, थापट्याची चोच फावड्यासारखी. मोठ्या लालसरीच्या नराची चोच लालभडक, छोट्या लालसरीच्या नराची राखाडी-काळी. काळा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी (कूट) हा पक्षी बदक नव्हे, तरी नवखे त्याला हमखास बदकांत मोजतात.

मोजायचं तर एकेक मोजू नका. दहा पक्षी किती जागा व्यापतात ते नजरेत भरा आणि तोच ठोकळा थव्यावर सरकवत न्या. तीनदा मोजून मधला आकडा घ्या. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही नोंद करता येते. नोंदीत तारीख, वेळ, काठ आणि पाण्याची पातळी लिहा. पातळी राहून गेली, तर पुढच्या वर्षी पक्षी खरंच घटले की फक्त पांगले, ते कळत नाही.