ऑनलाइन घेतलेली चड्डी-ब्रा परत घेत नाहीत? आधी हे करा

‘आतले कपडे परत घेत नाही’ असं ॲपवर लिहिलेलं असलं, तरी माल फाटका, खराब किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला तर विक्रेत्याला तो परत घेणं नाकारता येत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 तसं सांगतात.

1. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा. पत्त्याची चिठ्ठी, आतली पन्नी, साइजचं लेबल, सगळं दिसू द्या.
2. घालून पाहू नका, धुऊ नका, टॅग तोडू नका. टेपनं माप घ्या आणि ॲपवरच्या मापाच्या तक्त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. तक्त्यात कपड्याचं (अंगाचं नव्हे) माप 80 सेंमी आणि हातात 72, म्हणजे वर्णनाशी न जुळणारा माल.
3. कारण निवडताना ‘आवडलं नाही’ नको, ‘खराब’ किंवा ‘वर्णनापेक्षा वेगळं’ निवडा. विनंती इथंच अडकू शकते.
4. धारणी, एटापल्लीसारख्या दुर्गम भागात ‘तुमच्या पिनकोडवर पिकअप नाही’ असं उत्तर येऊ शकतं. मग परतीचा पत्ता आणि टपालखर्च कोण देणार हे लेखी मागा, स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा.
5. तरी पैसे नाही आले, तर ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. त्यानं 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा, मराठीतही बोलता येतं.

माप तक्त्याप्रमाणेच आहे, फक्त अंगाला बसत नाही, अशा वेळी हा नियम कामाचा नाही. तिथं दुकानाची अट चालते, म्हणून ती ऑर्डर करण्याआधीच वाचा.